हातावरची दही-साखर

कांदा उपटून वाफ्यात पडला होता आणि आभाळ रोज दुपारनंतर जुन्नरच्या अंगाला काळं व्हायला लागलं होतं. सकाळी पाहावं तर लख्ख ऊन. दुपारची भाकरी पोटात जाते न जाते तोच डोंगरावरून ढग सरकायचे, वारा पडायचा आणि मळ्यातली माणसं बोलता बोलता वर बघायची. ओझरकडे परवाच गारा झाल्या, असं एसटीचा कंडक्टर सांगत होता. उपटलेल्या कांद्याला गारांचा मार बसला की तो कांदा गेलाच म्हणायचा. वरून चांगला दिसतो आणि साठवणीच्या चाळीत ठेवला की आतून सडत जातो. साळुबाईला हे कुणी सांगायची गरज नव्हती. तिचा जन्म कांद्याच्या वासात गेला होता, आणि नवरा रखमाजी वारल्यापासून त्या दीड एकराला ती आणि तिचा सावळेराम, एवढेच वाली उरले होते.

आणि सावळेराम गोठ्याच्या पडवीत तोंडावर टॉवेल घेऊन पडला होता.

हाच तो गडी, फार जुनी गोष्ट नाही, गोणी उचलायचं म्हटलं की कळंबपासून मंचरपर्यंत ज्याचं नाव निघायचं. गोणी आधी गुडघ्यावर, तिथून पाठीवर, मग फळीवरून चढून ट्रॉलीत, आणि परत दुसरीला हात. मंचरच्या बाजारात एकदा पाय फळीवरून घसरला आणि तो गोणीसकट खाली आला. कमरेत काहीतरी कटकन वाजलं. मजुरांच्या टोळीचा मुकादम कुंडलिक याने त्याला चहाबरोबर एक निळी कॅप्सूल दिली. दुपारी सावळेराम पुन्हा गोण्या भरत होता, आणि सगळी टोळी त्या निळीचं कौतुक करत होती.

पुढे निळी रोजची झाली. चहाबरोबर बिस्किट द्यावं तशी कुंडलिक ती टोळीत वाटायचा. कुंडलिक कुणाच्या वाईटावर टपलेला नव्हता. त्याला ट्रॉली भरायची घाई असायची, बस्स. इतर गड्यांचं एकीवर भागायचं, सावळेरामाचं भागेना. कमरेचं दुखणं केव्हाच मागे पडलं. आता निळी मिळाली नाही की नाकडोळे गळायचे, पोटात पीळ पडायचा, भर उन्हात अंगावर काटा यायचा. आणि मिळाली की तो गप्प, सुस्त, घरात असून नसल्यासारखा बसायचा. सून अश्विनी पोरीला घेऊन जुन्नरला माहेरी निघून गेली. जाताना भांडली नाही, आदळआपट केली नाही.

"आत्या, निळी सुटंल त्या दिवशी निरोप धाडा," एवढंच म्हणाली. "मी मिळंल त्या गाडीनं येते."

साळुबाई त्या निरोपाच्या आशेवर दिवस काढत होती. नात गेल्यापासून घरात कुणी मोठ्याने हसलं नव्हतं.

त्याच उन्हाळ्यात सरकारी दवाखान्यात नवी डॉक्टरीणबाई आली. हर्षाली तिचं नाव. वयाने साळुबाईच्या लेकीसारखी, अंगाने काडी, आणि चालणं असं की कुणी मागे लागलंय. आल्या आल्याच ती आठवडाभर पुण्याला जाऊन आली. गोळ्यांची, अफूची, सुईची सवय लागलेल्या माणसाला औषध देऊन कसं सोडवायचं, ते डॉक्टरांना शिकवायचा वर्ग तिथे निघाला होता. मळ्यातल्या बायकांना ह्याची मोठी गंमत वाटली. डॉक्टर झालेल्या बाईला पुन्हा शाळेत घालतात, मग आधी हिला काय येत होतं, असं साळुबाईची शेजारीण गोजरबाई चारचौघींत म्हणाली.

पुण्याहून परतल्यावर बाईने दवाखान्याच्या ओट्यावर बायका जमवल्या. पुरुषांना निरोप गेला होता, पण ते येणार नाहीत हे तिलाही ठाऊक असावं.

"हा आजार आहे," ती म्हणाली. "माणूस वाईट नसतो. त्याचं अंग त्या गोळीवर चालायला शिकलेलं असतं, ते हळूहळू दुसऱ्या औषधावर आणायचं. आणि आम्हाला वर्गात एक बजावून सांगितलंय. असा माणूस काय बोलतो त्यावर जायचं नाही, त्याच्या अंगाकडे बघायचं. तुम्हीपण बघायला शिका. आता हा आवाज ऐका."

असं म्हणून तिने मान मागे टाकली आणि घशातून घर्र, घर्र असा ओला आवाज काढला. मध्येच थांबली, बराच वेळ थांबली, आणि पुन्हा घर्र. बायका पदर तोंडाला लावून हसायला लागल्या.

"आमचं धनी रोज असंच करत्यात, बाई," गोजरबाई म्हणाली. "त्यास्नी बी निळी लागली का काय?"

बाईपण हसली. पण तिने विषय सोडला नाही. "हसा, पण आवाज ध्यानात ठेवा. पुष्कळ गोळ्या घेतलेला माणूस असा घोरायला लागला तर तो झोपलेला नसतो, तो बुडत असतो. त्याला झोपू द्यायचं नाही. कुशीवर घ्यायचं, छातीच्या हाडावर मुठीने जोरात चोळायचं आणि बोलत राहायचं. काय वाटेल ते बोला, पण गप्प बसू नका. श्वास थांबलाच तर नाक धरून तोंडात फुंकायचं, गाडी येईपर्यंत."

बायका पांगल्या तरी साळुबाई ओट्याच्या खांबाला टेकून उभी राहिली. गोजरबाईपण रेंगाळली. तिचा पोरगा भागू टोळीतच होता, आणि अलीकडे त्याचेही डोळे तसलेच दिसायला लागले होते.

"माजा सावळ्या सुटंल का, बाई?" साळुबाईने विचारलं.

"सुटेल. आणा त्याला. जिभेखाली ठेवायची गोळी आहे, इथे माझ्यासमोर घ्यायची, रोज." मग बाईचा आवाज जरा कडक झाला. "पण मावशी, आदल्या दुपारपासून त्याने निळी घ्यायची नाही. एकसुद्धा नाही. येताना त्याला त्रास होत असला पाहिजे. नाक गळलं पाहिजे, अंग दुखलं पाहिजे. तसं नसताना माझी गोळी पोटात गेली तर ती औषध होत नाही, उलटते. कळलं?"

"कळलं," साळुबाई म्हणाली.

तिला काही कळलं नव्हतं. दवाखान्यात जायचं ते बरं वाटावं म्हणून. तिथे जाताना माणसाला मुद्दाम आजारी करून न्यायचं, असला कायदा तिने जन्मात ऐकला नव्हता.

सावळेराम मात्र तयार झाला. आईने अश्विनीचं नाव काढलं आणि तो तयार झाला. एका दुपारी त्याने शेवटची निळी घेतली आणि उरलेली पुडी आईच्या हातात देऊन म्हणाला, "फेकून दी, आये." साळुबाईने ती फेकली नाही. गव्हाणीच्या दगडांच्या फटीत खोचून ठेवली. घरात औषध म्हणून आलेली वस्तू अशी उकिरड्यावर टाकायला तिचा हात झाला नाही.

संध्याकाळी कुंडलिक मोटरसायकलवरून आला. त्याने वाफ्याकडे पाहिलं, आभाळाकडे पाहिलं आणि पडवीत कण्हणाऱ्या सावळेरामाकडे पाहिलं.

"काकी, परवा टोळी तुमच्याकडं आनतो. पन गोण्या भरायला सावळा पायजे. त्याच्याबिगर दोन गडी जादा लागत्यात आन् आत्ता गडी हाय कुटं? समदा गाव कांद्यातच हाय."

"उद्या त्याला दवाखान्यात न्यायचंय."

"कशापायी? येक निळी दिली की उटतोय का न्हाई बगा." कुंडलिकने खिशाकडे हात नेला.

"नगं रं बाबा," साळुबाई म्हणाली, "तेवढी नगं."

कुंडलिक हसला. "बगा बाई. परवाचा दिस गेला की मंग आठ दिस मी मोकळा न्हाई. आन् आभाळ काय आपलं ऐकत न्हाई."

रात्र कशी गेली ते सांगण्यात अर्थ नाही. ज्यांच्या घरात असं माणूस आहे त्यांना ठाऊक आहे, आणि बाकीच्यांना सांगून कळणार नाही. सकाळी सावळेराम अंगणात दोन्ही हातांनी पोट धरून बसला होता. उलटीला आता नुसतं पिवळं पाणी येत होतं. त्याच्या दंडावरचे केस उभे राहिले होते आणि जांभयांनी जबडा दुखत होता. अंघोळीचं पाणी अंगावर पडलं तेव्हा तो लहान पोरासारखा रडला. एवढा दांडगा गडी रडतो हे गोजरबाईने कुंपणावरून पाहिलं आणि तिने तोंड फिरवलं, ह्याची साळुबाईला फार लाज वाटली. आता ह्याच अवताराने तो एसटीत बसणार, माणसांसमोर ओकणार, आणि ती माणसं नावानिशी त्याला ओळखणार.

मळ्यातून कुणी कसल्याही मोठ्या कामाला निघालं, मग ती परीक्षा असो, कोर्ट असो, मुलगी बघणं असो, त्याच्या उजव्या हातावर दही-साखर घातल्याशिवाय त्याला उंबरा ओलांडू द्यायचा नाही, ही साळुबाईच्या घरची रीत. तिने वाटीत दही घेतलं. मग वाटी तशीच खाली ठेवून ती गोठ्यात गेली आणि गव्हाणीच्या फटीतून पुडी काढली. तिने स्वतःशी काही ठरवलं वगैरे नव्हतं. पोरगं तळमळत होतं आणि उतारा हाताशी होता, एवढंच तिला दिसत होतं. दोन कॅप्सुली तिने नखाने उघडल्या, पांढरी पूड दह्यात मोडली आणि साखर जरा जास्त घातली.

"आये, कडू लागतंय," सावळेराम तळहात चाटत म्हणाला.

"तोंड कडू झालंय तुजं. चाट समदं. हातावर ठिवू न्हाई."

त्याने सगळं चाटलं आणि आईच्या पाया पडून तो निघाला. सोबतीला गोजरबाई आली. ह्याचं बरं झालं की दुसऱ्या दिवशी भागूला आणायचं, असं तिने मनाशी धरलं होतं.

एसटीत तो ओकला. दवाखान्याच्या पायरीवर पुन्हा ओकला. सिस्टरने ते पाहिलं आणि आत जाऊन सांगितलं. पण डॉक्टरीणबाई एका अडलेल्या बाळंतिणीपाशी होती, आणि ती लवकर बाहेर आली नाही. तिघं बाकावर बसून राहिली. भिंतीवर ऊन सरकत होतं. हळूहळू सावळेरामाच्या जांभया थांबल्या. त्याने नाक पुसलं आणि ते पुन्हा गळलं नाही. त्याने पाय लांब केले, भिंतीला डोकं टेकलं.

"आये, मला बरं वाटाय लागलंय," तो नवल करत म्हणाला. "दवाखान्याच्या वाऱ्यानंच बरं वाटतंय बग."

"विघ्नहराची कृपा रं," गोजरबाईने हात जोडले.

साळुबाईने हात जोडले नाहीत. पोराचा चेहरा निवला म्हणून तिचा जीव सुखावला होता, आणि त्याच वेळी बाईचे शब्द तिला आठवत होते. तसं नसताना गोळी दिली तर उलटते. पण उलटते म्हणजे काय? दही उलटतं, दूध उलटतं. औषध कसं उलटेल?

बाई बाहेर आली ती घामाघूम. तिने सावळेरामाला आत घेतलं, पापणी ओढून डोळा बघितला, दंडावरून हात फिरवला, आणि तिच्या कपाळाला आठी पडली.

"सिस्टर म्हणाल्या, आल्याआल्या उलटी झाली. मग आता एवढा शांत कसा?"

"बसल्या बसल्या बरं वाटलं, बाई."

"काल दुपारपासून काही घेतलं नाही?"

"ओझरच्या इग्नहराची आन," सावळेराम म्हणाला. त्याची आण खरी होती.

बाईने थोडा विचार केला. मग ती साळुबाईकडे वळली. "मावशी, तुम्ही सांगा. त्याचं राहू दे. तुम्ही त्याच्याजवळ होता. सकाळी काही गेलंय पोटात?"

खरं बोलायची ती वेळ होती. पण साळुबाईला समोर दिसत होता वाफ्यात पडलेला कांदा, आणि परत घरी जाऊन पुन्हा तसलीच रात्र. दुसरी रात्र तो काढणार नाही, हे ती आई म्हणून जाणत होती. तो कुंडलिककडे पळेल आणि जुन्नरला निरोप कधीच जाणार नाही.

"न्हाई, बाई."

"मला खात्री वाटत नाहीये. आपण उद्या दिली तर?"

"आजच द्या," साळुबाई म्हणाली आणि तिने चक्क बाईचे पाय धरले. "उद्या टोळी यायचीय. आन् त्यो पुना यायचा न्हाई. मी तुमाला लेकराच्या डोक्यावर हात ठिवून सांगते, काय न्हाई घेतलं त्यानं."

तिने हात ठेवला. सावळेरामाच्या केसांना अंघोळीचा ओलावा अजून होता. हर्षालीबाईने त्या हाताकडे पाहिलं, आणि पुण्याला शिकलेलं बाजूला ठेवून तिने आईवर विश्वास ठेवला. कपाटातून गोळी काढली आणि त्याच्या जिभेखाली ठेवली.

सुरुवातीला काहीच झालं नाही. मग सावळेराम बाकावरून उठला, बसला, पुन्हा उठला. त्याला दरदरून घाम फुटला. नाकातून पाणी, डोळ्यांतून पाणी, आणि ओकारी अशी की आतडी बाहेर येतील. रात्रभर जे थोडं थोडं झालं होतं ते आता एकदम त्याच्यावर कोसळलं. त्याचं धोतर घाण झालं. तो फरशीवर पडला आणि भिंतीला लाथा मारायला लागला. बाईने त्याला सलाईन लावलं तर त्याने सुई उपटून फेकली.

"मावशी," बाई त्याचा हात धरून ओरडली, "त्याच्या पोटात निळी आहे. दुसरं काही असूच शकत नाही. काय दिलंत ते सांगा. मी रागावणार नाही. मला कळलं तर पुढचं नीट करता येईल."

साळुबाईचं तोंड उघडलं. तेवढ्यात गोजरबाई मध्ये पडली.

"काय देनार ती? दह्याबिगर काय खाल्लं न्हाई लेकरानं सकाळपास्नं. घातलं ते तुमीच घातलं."

दारात माणसं जमली होती. साळुबाईने तोंड मिटलं आणि नाही म्हणून मान हलवली.

बातमी कांद्याच्या वाफ्यावाफ्यांतून पसरली आणि कुंडलिक भाड्याची जीप घेऊन आला. त्याने फरशीवरचा सावळेराम पाहिला आणि तो खरंच हादरला. "इख घातलं का काय ह्या बाईनं?" तो म्हणाला, आणि दारातल्या माणसांनी तेच शब्द उचलले. चार गड्यांनी सावळेरामाला उचलून जीपमध्ये घातलं. कुणीतरी बाईला ढकललं, तिचा चष्मा पडला. ती तशीच बिनचष्म्याची जीपपर्यंत धावत आली.

"ह्याने तो मरणार नाही, उद्यापर्यंत उतरेल," ती म्हणाली. "पण आता त्याला निळी देऊ नका. माझ्या गोळीवर ती चढणार नाही. चढत नाही म्हणून तो घेत राहील. आणि माझी गोळी उतरली की त्याच्या अंगात काय काय असेल... मावशी, तुम्ही तरी ऐका."

साळुबाई पोराचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. तिने वर पाहिलं नाही.

बाईच्या विरुद्ध अर्ज गेला. अर्जावर गोजरबाईचा अंगठा पहिला. बाईला वरून बोलावणं आलं. दुसऱ्या दिवशी साळुबाई पिठाच्या गिरणीकडे निघाली असताना थांब्यावर ती दिसली. हातात एक बॅग, चष्म्याच्या काडीला चिकटपट्टी. आजूबाजूची माणसं तिच्याकडे पाठ करून उभी होती.

"कसा आहे तो?" बाईने विचारलं.

"बरा हाय."

"काही घेतोय का?"

साळुबाईच्या डोक्यावर दळणाचं घमेलं होतं. सांगायचं होतं ते ओठापर्यंत आलं होतं. पण माणसांनी माना वळवल्या होत्या, आणि समोरून गाडी आली. बाई चढली. खिडकीतून तिने पुन्हा पाहिलं, काहीतरी ऐकायला मिळेल म्हणून. साळुबाईने घमेलं सावरलं. गाडी गेली आणि धूळ खाली बसेपर्यंत ती तिथेच उभी होती. आपण एक कष्टाळू पोरगी चोरासारखी घालवून दिली, हे तिला पुरतं कळलं होतं, आणि तरी ती गिरणीत जाऊन दळण आणून घरी आली.

टोळी ठरल्या दिवसापेक्षा एक दिवस उशिरा आली. तोवर सावळेराम निळीवर परतला होता. बाई म्हणाली होती तसंच झालं. दोन घेतल्या तरी काही वाटेना, चार घेतल्या तरी वाटेना. "ह्या बाईनं माजं अंगच मारलं," असं तो ज्याला त्याला सांगत होता. टोळीच्या चहाच्या वेळी त्याने कुंडलिककडून मूठभर घेतल्या आणि वर भागूच्या बाटलीतले दारूचे दोन घोट. मग तो उठला, आणि काय उठला. बायका पात कापून कांदा टाकत होत्या, गडी गोण्या शिवत होते, आणि सावळेराम एकटा ट्रॉली भरत होता. आधी गुडघ्यावर, मग पाठीवर, मग फळीवर. जुना सावळेराम. कुंडलिक बांधावर उभा राहून साळुबाईला म्हणाला, "बगा काकी. उगं दवाखाना दवाखाना करत व्हता."

साळुबाईने हो म्हटलं. दोन दिवसांत पहिल्यांदा तिला भूक लागली.

दुपारी आभाळ भरून आलं. वारा पडला. सावळेराम भाकरी न खाताच बांधाच्या आंब्याखाली जाऊन आडवा झाला आणि लगेच घोरायला लागला. कुंडलिक त्याला उठवायला निघाला तर साळुबाई आडवी आली.

"झोपू द्या वाईच. किती रातींचा जागा हाय."

ती त्याच्या उशाशी बसली. पदराने माश्या वारू लागली. बायका मोठ्याने बोलायला लागल्या की ती ओठावर बोट ठेवायची. त्याच्या कपाळावरची शीर शांत झाली होती, मुठी सैल पडल्या होत्या, लहानपणी पडायच्या तशा. जुन्नरला काय निरोप द्यावा, ह्याचा ती विचार करत होती. निळी सुटली म्हणता येणार नाही. पण कामाला लागला, एवढं तरी म्हणता येईल. तिला स्वतःलाच डुलकी आली.

पाण्याची कळशी घेऊन गोजरबाई आली. तिने क्षणभर कान दिला आणि तिला हसू फुटलं.

"अगं साळे, ऐक तर. त्या डॉक्टरीणबाईचं घोरनं. हुबेहूब." आणि कळशी कमरेवर तशीच ठेवून तिने मान मागे टाकून नक्कल केली, घर्र, घर्र.

साळुबाईचा पदर हातात राहिला.

खालून आवाज आला. घर्र. मग काही नाही. आंब्याची पानं हलत नव्हती, टोळी भाकरीला बसली होती, आणि त्या शांततेत ती पुढच्या आवाजाची वाट बघत राहिली, आणि तो येईना, आणि मग आला, ओला, खोल, तळातून आल्यासारखा. तिने त्याचा हात उचलला. नखं निळी पडली होती.

"सावळ्या," ती म्हणाली. मग ओरडली.

टोळी उठून धावली. गोजरबाईची कळशी बांधावरून गडगडत गेली. "गाडी काढ," साळुबाई कुंडलिकला म्हणाली, "बाईला आन."

कुंडलिकचा चेहरा पांढरा पडला होता. "बाई कुटं हाय आता, काकी. दवाखान्याला कुलूप हाय. मंचरास्नं जीप आनावी लागंल." आणि तो मोटरसायकलकडे पळत सुटला. लाथ मारली, गाडी सुरू होईना, पुन्हा लाथ मारली.

साळुबाईने तोवर पोराला कुशीवर ओढलं होतं. एवढ्या गोण्या पेललेलं ते अंग तिला एकटीला हलत नव्हतं, पण हललं. तिने मूठ वळून त्याच्या छातीच्या हाडावर चोळायला सुरुवात केली, जात्यावर दळताना लावायची तेवढा जोर लावून. त्याची पापणी जराशी थरथरली. श्वास आला.

बोलत राहा, बाई म्हणाली होती. काय वाटेल ते बोला, पण गप्प बसू नका.

काय बोलायचं? टोळी भोवती उभी होती, बायकांच्या हातात कांद्याचे विळे तसेच होते. कुंडलिकची मोटरसायकल एकदाची सुरू झाली आणि आवाज लांब लांब गेला. साळुबाईने पोराच्या कानाशी तोंड नेलं. नातीचं नाव घ्यावं, अश्विनीचं घ्यावं, असं तिला वाटलं. पण तोंडातून निघालं ते दुसरंच. दोन दिवस मनात दडवलेलं तेवढंच तिच्यापाशी होतं.

"सावळ्या, दह्यात मी घातली व्हती रं. त्या दिशी तुला कडू लागलं न्हवं, ती निळीच व्हती. बाईनं इख न्हाई घातलं. तिनं मला इचारलं, दोनदा इचारलं, आन् मी तुज्या डोक्यावर हात ठिवून खोटं बोलले. तुला तरास बगवंना म्हून. आयकतोस न्हवं? मी घातली."

"साळे," गोजरबाई म्हणाली. तिने वळून भागूकडे पाहिलं. तो बांधावर उभा होता आणि त्याचे डोळे अर्धे मिटलेले होते.

श्वास थांबला. साळुबाईची मूठ थांबली नाही. तिने त्याचं नाक धरलं, तोंडाला तोंड लावून फुंकलं. दह्यासारखा आंबूस वास आला. पुन्हा फुंकलं. खालून घर्र झालं, बारीक, पण झालं.

उघड्या पडलेल्या कांद्यावर टपोरे थेंब वाजायला लागले. कुणी गोणपाट घेऊन धावलं नाही. रस्ता मंचरच्या बाजूला दिसेल तिथपर्यंत रिकामा होता. साळुबाईने तोंड पुसलं, मूठ पुन्हा त्याच्या छातीवर टेकवली, आणि तेच सगळं पहिल्यापासून पुन्हा सांगायला लागली, ह्या वेळी मोठ्याने.